स्कॅनर लावून आगीमागे धावणारे: कॅमेरा, कायदा आणि बाकीच्या भानगडी

धूरवाला

गोदामाच्या आगीचे फोटो टाकले तेव्हा खाली तिघाचौघांनी एकच प्रश्न केला, "तुम्हाला कळतं कसं?" तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

कळतं स्कॅनरवरून. हातात मावेल एवढा रेडिओच असतो तो. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांच्या वायरलेसच्या चॅनेलांवर एकामागून एक फिरत राहतो आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबतो. अमेरिकेत तो दुकानात मिळतो, घरी बसून ऐकायला परवाना लागत नाही. मी न्यू जर्सीत राहतो. इथे बऱ्याच गावांत अग्निशमन दल स्वयंसेवकांचंच असतं. दिवसा कोणी प्लंबर, कोणी शाळामास्तर, पण कमरेला पेजर. कॉल आला की आधी दोन सूर वाजतात, एकापाठोपाठ एक. प्रत्येक ठाण्याची सुरांची जोडी ठरलेली; त्या जोडीवरच तिथले पेजर उघडतात. रोज ऐकून कान तयार झाला की पत्ता सांगायच्या आधीच कुठलं ठाणं निघणार ते समजतं. मग डिस्पॅचर, म्हणजे नियंत्रण कक्षातून दल पाठवणारी बाई, पत्ता, जवळचा चौक आणि काय झालंय ते सांगते. आवाज इतका थंड की रेल्वेच्या उद्घोषणेत जास्त भावना असतील.

तेवढं ऐकून निघायचं नसतं. बहुतेक कॉल करपलेल्या टोस्टचे नाहीतर बिघडलेल्या अलार्मचे निघतात. पहिला अधिकारी पोचतो आणि समोर काय दिसतंय ते रेडिओवर सांगतो, त्याची वाट बघायची. "दोन मजली लाकडी घर, चार्ली बाजूने दाट धूर, वर्किंग फायर." वर्किंग फायर म्हणजे खरोखरची पेटलेली आग. हे कानावर पडलं की बूट घालायचे. इमारतीची दर्शनी बाजू अल्फा, तिथून घड्याळाच्या दिशेने ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. चार्ली म्हणजे परसदार. फोटो काढणाऱ्याला एवढं समजलं तरी पुष्कळ आहे, कारण गर्दी सगळी पुढच्या फुटपाथवर उभी असते आणि आग असते मागे.

बॉस्टनच्या स्टॅन्ली फोरमन या फोटोग्राफरचं उदाहरण देतो. २२ जुलै १९७५, दैनिक बॉस्टन हेराल्ड अमेरिकन. कचेरीतून घरी निघायच्या बेतात असताना मार्लबरो स्ट्रीटवरच्या आगीचा कॉल आला. तो एका बंबाच्या मागोमाग पोचला आणि पुढे न थांबता गल्लीतून इमारतीच्या मागे पळाला, कारण मागच्या बाजूला शिडीची गाडी हवी म्हणून ओरडा चालला होता. मागे फायर एस्केपवर, म्हणजे आगीत सुटायच्या बाहेरच्या लोखंडी जिन्यावर, एक तरुणी, एक लहान मुलगी आणि त्यांना घ्यायला आलेला जवान. शिडी जवळ येत असतानाच तो लोखंडी सज्जा निखळला. फोरमनने दोघी हवेत असतानाचे फोटो घेतले आणि शेवटच्या क्षणी पाठ फिरवली. जमिनीवर आपटताना बघायचं नव्हतं, असं त्याने पुढे सांगितलं. तरुणी वारली, मुलगी वाचली. त्या फोटोला १९७६ चं पुलित्झर मिळालं, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यानंतर बॉस्टनला फायर एस्केपच्या देखभालीचे नियम कडक करावे लागले.

नवख्यांसाठी चार गोष्टी सांगतो. गाडी हायड्रंटसमोर, म्हणजे बंबाला पाणी देणाऱ्या रस्त्यावरच्या नळासमोर, लावू नका. रस्त्यावर आडव्या पडलेल्या होजवरून (पाण्याच्या जाड नळीवरून) गाडी घालू नका; आत जवान असताना त्याचं पाणी तुटू शकतं, आणि बहुतेक राज्यांत तो गुन्हाही आहे. चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घाला. वारा पाठीवर घेऊन उभे राहा. आणि फ्लॅश नको! जवानांच्या कोटावरच्या परावर्तक पट्ट्या फ्लॅशने अशा पेटतात की फोटोत माणूस दिसत नाही, हवेत तरंगणारे पांढरे पट्टे दिसतात. बंबाचे दिवे आणि आग यांच्याच उजेडात काढा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे.

विचारा काय विचारायचं ते.

चिकूपिस्ता

भारी धागा राव. मी क्वीन्सला आहे. गाडीत स्कॅनर ठेवला तर चालतो का? तुम्ही नुसतं घराचं लिहिलंय.

धूरवाला

बरं झालं विचारलंत, न्यूयॉर्कला नेमकी तिथेच गोम आहे. तिथल्या वाहन कायद्याच्या कलम ३९७ प्रमाणे पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा रेडिओ परवानगीशिवाय गाडीत बसवता येत नाही. परवानाधारक हॅम मंडळींना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, सूट आहे. फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा इथेही गाडीसाठी वेगवेगळे निर्बंध आहेत. शेजारच्या राज्यात चालतं म्हणून आपल्याकडे चालेल असं धरू नका.

या परवानगीचा सगळ्यात प्रसिद्ध मानकरी म्हणजे वृत्तपत्रांचा फोटोग्राफर वीजी. खरं नाव आर्थर फेलिग, जन्म १८९९, आजच्या युक्रेनमधला. लहानपणी न्यूयॉर्कला आला. मॅनहॅटनमध्ये पोलीस मुख्यालयाच्या मागेच खोली घेऊन राहायचा. १९३८ मध्ये त्याला गाडीत पोलिसांचा शॉर्टवेव्ह रेडिओ बसवायची परवानगी मिळाली, त्या काळात वृत्तपत्रांच्या फोटोग्राफरांत बहुधा त्याला एकट्यालाच. शेवरोलेच्या डिकीत टाइपरायटर, फ्लॅशबल्ब, सिगार, सलामी, जादा बूट. कॅमेरा स्पीड ग्राफिक, सेटिंग ठरलेलं: छिद्र एफ १६, शटर १/२०० सेकंद, अंतर दहा फूट. अंधारात फोकस शोधत बसायचं नाही, दहा फुटांवर जाऊन उभं राहायचं आणि बल्ब उडवायचा. तेव्हा कोटांवर परावर्तक पट्ट्या नव्हत्या, त्याचं निभावलं.

त्याचे नुसते खुनाचे फोटो बघणाऱ्यांनी त्यातली गर्दी बघावी. प्रेताच्या भोवती हसणारी, ढकलाढकली करणारी, कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारी पोरं. त्याचा खरा विषय तोच होता असं माझं मत.

शंकासुर

माफ करा, पण धागा वाचून मला कसंतरीच झालं. कुणाचा संसार जळतोय आणि तुम्ही आयएसओ किती आणि वारा कुठल्या बाजूने. पगारी बातमीदाराचं मी समजू शकतो. तुम्ही हौसेने जाता!

धूरवाला

हौसेने जातो हे खरं आहे, ते मी लपवत नाही. सेवा करतो असाही आव नाही.

पण फोटोंचा उपयोग होतो तो सांगतो. आग कशी लागली हे शोधणाऱ्या फायर मार्शलला पहिल्या काही मिनिटांचे फोटो हवे असतात: धूर कुठल्या खिडकीतून होता, कुठला दरवाजा आधीच उघडा होता. जवान तेव्हा होज ओढत असतात, त्यांच्याकडे फोटो नसतात. आमच्या गावचं दल प्रशिक्षणातही माझे फोटो पडद्यावर लावतं आणि स्वतःच्याच चुका मोजतं. माझ्याबद्दल दलाच्या प्रमुखाला माहीत आहे, पोचलो की आधी त्याला तोंड दाखवतो. त्याने "आज नको" म्हटलं की कॅमेरा बॅगेत.

मीरा_कोलंबस

शंकासुर यांनी विचारलं ते मी वेगळ्या बाजूने सांगते.

आमच्या मंडळातल्या एका कुटुंबाची गोष्ट आहे, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. नवरा संध्याकाळी कामावरून परत येत होता. हायवेवर अपघात. स्कॅनर ऐकून पोस्टी टाकणारं एक स्थानिक फेसबुक पान आहे, त्यांचा माणूस तिथे पोचला आणि फोटो टाकला. गाडीचा चुराडा आणि नंबर प्लेट स्वच्छ. मैत्रिणीने तो फोटो बायकोला पाठवला, "ही तुमची गाडी नाही ना गं?" पोलीस दारात आले त्याच्या पाऊण तास आधी. तिने त्या वेळात हॉस्पिटलांना फोन लावले, एकाही ठिकाणी तिला काही सांगेनात. धाकटा मुलगा शेजारी बसून होमवर्क करत होता.

पान चालवणाऱ्याने नंतर प्लेट पुसली, वर लिहिलं "कुटुंबाच्या भावनांचा आदर म्हणून". खाली दोनशे कमेंटी तशाच. "दारू पिऊन चालवत असेल" वगैरे. त्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

धूरवाला, तुमच्यावर राग नाही. पण हे तुमच्या चार गोष्टींत कुठेच नव्हतं.

धूरवाला

मीराताई, वाचून काय बोलावं कळेना.

मी अपघाताला जातच नाही, फक्त आगी. त्यामुळे वर लिहिताना फक्त आगीचंच डोक्यात होतं. आमच्याकडचे जे अपघात काढतात त्यांतल्या शहाण्यांची पद्धत अशी: नंबर प्लेट, चेहरा, घराचा क्रमांक फ्रेममध्येच घ्यायचा नाही, नंतर पुसू म्हणून घ्यायचाही नाही. मृत्यूची शंका असेल तर पोलिसांनी नातेवाइकांना कळवल्याचं जाहीर होईपर्यंत फोटो कार्डातच. आणि स्ट्रेचरवरच्या माणसाकडे कॅमेरा वळवायचा नाही, तो कितीही "भारी" दिसत असला तरी. कायदा यातलं जवळपास काहीच सांगत नाही. वैद्यकीय गोपनीयतेचा कायदा इथे डॉक्टर, हॉस्पिटल, विमा कंपन्या यांना लागतो, फुटपाथवर उभ्या असलेल्या फोटोवाल्याला लागत नाही. ते ज्याने त्याने पाळायचं, आणि लाइक मोजणारी पानं ते पाळत नाहीत हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

बॉस्टनबाबू

फोटोचं सोडा, नुसतं ऐकलेलं पसरवलं तरी काय होतं ते मी एप्रिल २०१३ मध्ये घरात कोंडून पाहिलंय. मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर वॉटरटाउनमध्ये शोध चालू होता, १९ तारखेला सगळ्यांना घरातच थांबायला सांगितलेलं. जो तो ऑनलाइन स्कॅनर लावून बसलेला आणि ऐकू येईल ते टाइप करणारा. पोलीस कुठल्या रस्त्यावर कुठलं घर तपासतायत, तेसुद्धा! शेवटी बॉस्टन पोलिसांना ट्विटरवर सांगावं लागलं की तपासाच्या घरांची ठिकाणं फोडून अधिकाऱ्यांचा जीव धोक्यात घालू नका.

त्याच रात्री स्कॅनरवर अमुक नाव ऐकल्याचं कोणीतरी म्हटलं म्हणून एका निरपराध विद्यार्थ्याचं नाव संशयित म्हणून जगभर फिरलं. तो आधीच बेपत्ता होता, घरचे त्याला शोधत होते. पुढे त्याचा मृतदेह सापडला. स्फोटांशी त्याचा काही संबंध नव्हता.

रेडिओवर बोललं जातं ते त्या क्षणाचं अर्धवट, कधी चुकीचं. एक सांगतो "तीन जखमी", पाच मिनिटांनी दुसरा सांगतो "कोणी नाही, दुसरीच गाडी". ते आपापसांतलं बोलणं असतं.

जुना_क्राइमवाला

मुंबईत बरीच वर्षं एका दैनिकात फोटो काढले, रात्रपाळीच जास्त. आमच्याकडे स्कॅनर नव्हता, टेलिफोन होता. रात्री ठराविक फोनांची फेरी असायची. पोलीस कंट्रोल, भायखळ्याला अग्निशमन दल, मग हॉस्पिटलांतल्या पोलीस चौक्या. "साहेब, काही विशेष?" "शांत आहे." हे "शांत आहे" कसं म्हटलं त्यावर सगळं. सावकाश, जांभई देत आलं तर खरंच शांत. घाईघाईने आलं आणि मागे दुसरा फोन वाजत असला तर आम्ही बॅग उचलायचो. पुढे कुठे ते टॅक्सीवाले, पानवाले, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर सांगायचे. आता सगळं व्हॉट्सॲपवर येतं. आग किती मोठी, लेव्हल टू की लेव्हल थ्री, तेसुद्धा येतं आणि पोरं ऑफिसातूनच ठरवतात जायचं की नाही.

२६/११ ला सॅबॅस्टियन डिसोझाने सीएसटीला कसाबचा तो फोटो काढला, त्याला कोणत्या यंत्राने सांगितलं? ऑफिस स्टेशनच्या समोर. गोळ्यांचा आवाज आला, कॅमेरा घेऊन रस्ता ओलांडला. डब्यात लपून फोटो घेतले. पुढे कोर्टात जाऊन साक्षही दिली. त्याच तीन दिवसांत टीव्हीवाल्यांनी कमांडो कुठून उतरतायत ते थेट दाखवलं. २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्यावर कडक ताशेरे मारले. २०१५ मध्ये केबलच्या नियमांत बदल झाला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच.

शंकासुर, तुमचा प्रश्न आम्हाला घरीही विचारायचे. उत्तर नाही माझ्याकडे. फोटो छापून आला म्हणून त्या घराला मदत मिळालेलीही पाहिलीय आणि नुसता तमाशाही पाहिलाय.

हॅम_अण्णा

धागा वाचून इथला कोणी उत्साही पोरगा ऑनलाइन स्कॅनर मागवेल म्हणून आधीच लिहितो. भारतात हे करू नका. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून इथे परवान्याशिवाय असं उपकरण बाळगणं हाच गुन्हा होता, ऐकणं पुढची गोष्ट. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात बेकायदा संदेश पकडण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुण्यातल्या गल्लीत पोलिसांचं वायरलेस लावून बसलात तर "छंद आहे" हे तिथे कोणी ऐकून घेणार नाही.

रेडिओचं वेडच असेल तर हॅमची परीक्षा द्या, रिस्ट्रिक्टेड किंवा जनरल. आपत्तीत खरं काम करता येतं. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी अंदमानचे फोन बंद पडले तेव्हा पोर्ट ब्लेअरला योगायोगाने हजर असलेल्या हॅमवाल्यांनी निरोप पोचवले होते.

क्रॉयडनकर

ब्रिटनमध्ये अर्धं तुमच्यासारखं, अर्धं अण्णांसारखं. स्कॅनर विकत घ्या, कपाटात ठेवा, कोणी विचारत नाही. पण जे तुमच्यासाठी नाही ते मुद्दाम ऐकणं २००६ च्या वायरलेस कायद्याने गुन्हा. आणि पोलीस केव्हाच एअरवेव्हच्या सांकेतिक जाळ्यावर गेलेत, ऐकायचं म्हटलं तरी खरखरसुद्धा येत नाही.

शंकासुर

मग अमेरिकेतही करा की सगळं सांकेतिक. मीराताईंनी सांगितलेल्या कुटुंबावर ती वेळ आली नसती.

धूरवाला

चाललंच आहे ते. न्यूयॉर्क पोलिसांचा रेडिओ नव्वद वर्षांच्या आसपास उघडा होता. जुलै २०२३ मध्ये ब्रुकलिनच्या काही ठाण्यांपासून बंद करायला सुरुवात झाली, पूर्ण यंत्रणेचा खर्च सुमारे ३९ कोटी डॉलर. अग्निशमन दल अजून ऐकू येतं. तिथे "टेन सेव्हंटी-फाइव्ह" कानावर आलं की खरी आग. शिकागोने २०२२ पासून पोलिसांचं बोलणं ३० मिनिटं उशिरा सोडायला घेतलं. अर्ध्या तासाने फोटोवाला जाऊन काय काढणार, पिवळी फीत!

आता माझी अडचण सांगतो. गुन्हेगार ऐकतात, साक्षीदारांची नावं, जन्मतारखा हवेत जातात, हे खरं आहे. कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने २०२० मध्ये त्याच कारणाने पोलिसांना बजावलं की खाजगी माहिती झाका. अनेक शहरांनी थेट सगळंच बंद केलं. पालो आल्टोनेही २०२१ च्या सुरुवातीला केलं, लोकांनी आवाज उठवला आणि २०२२ मध्ये परत उघडलं. नाव, लायसन्स नंबर फोनवर सांगायचे, बाकी रेडिओवर. म्हणजे जमतं. सगळं बंद झालं की पोलिसांनी गोळी कुठे, कधी झाडली हे पोलीस स्वतः सांगतील तेव्हाच कळणार, आणि ते सोयीने सांगतात हा अनुभव इथल्या बातमीदारांना जुना आहे.

शिवाय मीराताईंचा किस्सा रेडिओ बंद करून टळला असता याची मला खात्री नाही. मागच्या गाडीतल्या कोणीही फोनने तोच फोटो काढला असता. सिटिझन नावाचं ॲप बघा: त्यांची माणसं स्कॅनर ऐकून सूचना पाठवतात आणि जवळपासचे लोक थेट व्हिडिओ टाकतात. मे २०२१ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या वणव्यात त्याच ॲपने एका माणसावर ३०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. माणूस चुकीचा निघाला.

मीरा_कोलंबस

फोन असणाऱ्याने चुकून काढणं आणि रेडिओ लावून, शोधत येऊन काढणं यात मला फरक वाटतो. पण पालो आल्टोचं पटलं. मला रेडिओ बंद नकोय, त्या पानांना कोणीतरी जाब विचारायला हवाय.

शंकासुर

जुना_क्राइमवाला यांचा प्रामाणिकपणा आवडला. धूरवाला, तुमचं पूर्ण पटलेलं नाही, पण "आज नको म्हटलं की कॅमेरा बॅगेत" हे लक्षात ठेवतो. पाळताय ना बघू.

चिकूपिस्ता

एवढं सगळं वाचूनही घ्यायची खुमखुमी आहेच. 😀 एसडीएस १०० हा स्कॅनर घेऊ की कॉम्प्युटरला लावायचं ते स्वस्त डोंगल?

धूरवाला

आधी पैसे खर्च करू नका. रेडिओ रेफरन्सच्या संकेतस्थळावर तुमचा भाग उघडा आणि प्रत्येक चॅनेलच्या रकान्यात मोड बघा. "डीई" किंवा "टीई" लिहिलं असेल तर ते सांकेतिक. जगातला कुठलाही स्कॅनर ते उघडत नाही, विक्रेता काहीही म्हणो. तुम्हाला पोलीस हवे असतील तर क्वीन्समध्ये त्या नादी लागूच नका. आग हवी असेल तर अजून पुष्कळ आहे.

डोंगल तीस-चाळीस डॉलरला येतं, ते चालवायचं एसडीआरट्रंक हे सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला उत्तम, पण ते टेबलावरच. एसडीएस १०० महाग, सहाशे डॉलरच्या वर. त्याचा फायदा तिथे, जिथे एकच डिजिटल संदेश अनेक मनोऱ्यांवरून एकदम सोडतात. दोन मनोऱ्यांचे सिग्नल क्षणभर मागेपुढे पोचतात आणि साधा स्कॅनर गडबडतो, शब्द तुटतात. तुमच्याकडे अग्निशमन दल साध्या, म्हणजे ॲनालॉग पद्धतीवर असेल तर जुना वापरलेला बेअरकॅट स्कॅनरही पुरेल.

आणि गाडीत नेणार असाल तर आधी हॅमचा परवाना. कलम ३९७ बद्दल वर सांगितलंय ते विसरू नका.

चिकूपिस्ता

परीक्षेचं पुस्तक मागवलं. अण्णा, शंका आल्या तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

हॅम_अण्णा

करा. अमेरिकेची प्रश्नपेढी वेगळी असते, पण ओहमचा नियम दोन्हीकडे तोच.